नामंजुरीच्या पत्रानंतर : आरोग्यविम्याच्या दाव्याविषयी दोन भूमिकांचा संवाद

आरोग्यविम्याचा दावा नाकारणारे पत्र दिसायला निकालपत्रासारखे असते. त्यावर कलमांचे क्रमांक असतात, भाषा आटीव असते आणि शेवटी दावा देय नसल्याचे ठाम वाक्य असते. कायद्याच्या दृष्टीने मात्र ती करारातील दोन पक्षांपैकी एका पक्षाने घेतलेली भूमिका असते, आणि ही भूमिका प्रथम कंपनीच्याच वरिष्ठ यंत्रणेपुढे व त्यानंतर विमा लोकपाल किंवा ग्राहक आयोग यांच्यापुढे तपासून घेण्याचा अधिकार विमाधारकाला असतो. हा अधिकार वापरला जात नाही याचे मोठे कारण असे की पत्र हाती पडते तेव्हा कुटुंब आजारपणाने आणि उसनवारीने थकलेले असते, आणि ज्या कार्यालयाने नकार दिला ते कार्यालय त्याला फार दूरचे वाटते.

गोंदिया शहराला लागून असलेल्या कुडव्यात हे अंतर विशेष जाणवते. गोंदियात २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि त्याच्या नव्या संकुलासाठी कुडव्याचीच जागा ठरली आहे. तरीही हृदयाच्या किंवा कर्करोगाच्या मोठ्या उपचारांसाठी बरीच कुटुंबे अजून रेल्वेने नागपूर गाठतात. बिल नागपूरचे, पॉलिसी विकणारा एजंट गावातला, दाव्याची कागदपत्रे तपासणारी मध्यस्थ संस्था, म्हणजे लोक जिला टीपीए म्हणतात ती, तिसऱ्याच शहरातली आणि कंपनीचे मुख्यालय मुंबईत किंवा चेन्नईत, अशी ही रचना असते. अशा नकाराकडे दोन प्रामाणिक दृष्टींनी पाहता येते. एक दृष्टी विमा कंपनीत वर्षानुवर्षे दावे तपासलेल्या, आता निवृत्त झालेल्या अधिकाऱ्याची आणि दुसरी जिल्हा ग्राहक आयोगात विमाधारकांची बाजू मांडणाऱ्या वकील महिलेची. पुढील संवादातील या दोन्ही व्यक्ती आणि ज्या प्रकरणावर त्या बोलतात ते प्रकरण कल्पित आहे. त्यांच्या बोलण्यात येणारे नियम आणि निवाडे मात्र खरे आहेत.

प्रकरण असे धरावे : कुडव्याच्या एका राईस मिलमध्ये हिशेब पाहणाऱ्या गृहस्थांनी जून २०२० मध्ये ५ लाख रुपयांची कुटुंब पॉलिसी घेतली आणि दरवर्षी खंड न पाडता तिचे नूतनीकरण केले. मार्च २०२५ मध्ये नागपुरात त्यांची अँजिओप्लास्टी झाली. रुग्णालयाच्या नोंदीत ‘उच्च रक्तदाब, ५ वर्षांपासून’ अशी ओळ होती, तर पॉलिसी घेतानाच्या प्रस्ताव अर्जात, ज्याला सर्व जण प्रपोजल फॉर्म म्हणतात, रक्तदाबाच्या प्रश्नापुढे ‘नाही’ असे लिहिलेले होते. माहिती दडवल्याचे कारण देऊन कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये दावा नाकारला.

अधिकाऱ्यांनी सुरुवात केली ती विम्याच्या मूळ तत्त्वापासून. “विम्याचा करार हा परम सद्भावाचा करार आहे, ताई. सामान्य खरेदीत विकत घेणाऱ्याने वस्तू पारखून घ्यायची असते. इथे मात्र ज्या शरीराचा विमा उतरवायचा त्याची माहिती फक्त विमा घेणाऱ्याकडे असते, म्हणून ती खरी आणि पूर्ण सांगणे त्याच्यावर बंधनकारक असते. सतवंत कौर संधू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली हेच सांगितले. त्या मेडिक्लेम पॉलिसीत मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार सांगितला गेला नव्हता, आणि कंपनीने दिलेला नकार न्यायालयाने योग्य ठरवला. शिवाय दाव्याचा पैसा कंपनीच्या मालकाच्या खिशातून येत नाही. तो सर्व विमाधारकांच्या हप्त्यांतून जमलेला असतो. खोटा दावा मंजूर झाला की पुढच्या वर्षी खरे बोलणाऱ्याचा हप्ता वाढतो.”

“तत्त्वाशी भांडण नाहीच, साहेब,” वकीलबाई म्हणाल्या. “२००९ च्या निवाड्यात आजार सिद्ध झालेला होता, कागदोपत्री होता, आणि विमा घेणाऱ्याला तो माहीत होता. इथे कंपनीच्या हातात काय आहे? रुग्णालयातली एक ओळ. ती कोणी लिहिली, कोणाला विचारून लिहिली, हे पत्रात कुठेच नाही. रात्री दोन वाजता छातीत दुखते म्हणून माणूस अतिदक्षता विभागात येतो, ड्युटीवरचा तरुण डॉक्टर दाराशी उभ्या असलेल्या मुलाला विचारतो की बीपी कधीपासून आहे, मुलगा घाबरून म्हणतो की झाली असतील चार-पाच वर्षे, आणि डॉक्टर ‘५’ लिहून पुढच्या पेशंटकडे वळतो. आता हिशेब करून पाहावा. मार्च २०२५ मधून पाच वर्षे वजा केली तर मार्च २०२० येतो, म्हणजे पॉलिसीच्या तीन महिने आधीचा काळ. साडेचार वर्षे वजा केली तर सप्टेंबर २०२० येतो, म्हणजे पॉलिसीनंतरचा. घाईत बोललेल्या एका आकड्यावर पाच लाखांचा दावा उभा राहतो किंवा पडतो. म्हणूनच अशा नोंदीला दुसरा पुरावा जोडलेला नसेल, जुनी चिठ्ठी किंवा नोंद करणाऱ्या डॉक्टरचे शपथपत्र नसेल, तर एवढ्यावरून आधीचा आजार सिद्ध झाला असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने अनेक प्रकरणांत मानलेले नाही. दडवल्याचा आरोप ज्याने केला, सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर.”

या मुद्द्यावर वकीलबाईंची बाजू अधिक सबळ वाटते, आणि तिचे महत्त्व कायद्याच्या पलीकडचे आहे, कारण रुग्णाच्या पूर्वेतिहासाची ही नोंद उपचार ठरवण्यासाठी घेतलेली असते. तिथे अंदाज चालतो, किंबहुना धोका टाळण्यासाठी डॉक्टर मुद्दाम जास्त काळ धरतो. तीच नोंद पुढे आर्थिक वादात तारखेचा पुरावा म्हणून वापरली जाते, तेव्हा तिच्याकडून ती कधीच देऊ शकणार नाही अशी अचूकता मागितली जाते.

अधिकाऱ्यांनी हे पूर्ण नाकारले नाही, पण त्यांनी एक भेद दाखवला. “लोक दोन गोष्टी एक समजतात. आधीपासून असलेल्या आजाराची प्रतीक्षा मुदत ही एक गोष्ट. माहिती न सांगणे ही दुसरी. प्रतीक्षा मुदत म्हणजे जो आजार सांगितला आहे त्यासाठी पहिली काही वर्षे दावा न मिळणे. ती पूर्वी कमाल ४८ महिने होती, २०२४ च्या नियमांनी ३६ महिन्यांवर आणली. या प्रकरणात पॉलिसीला ५७ महिने झाले होते, म्हणजे जुन्या मुदतीनेही ती संपलेली होती. या माणसाने अर्जात ‘होय’ लिहिले असते तर हप्ता थोडा वाढला असता आणि दावा आज मंजूर झाला असता. नकार आजारामुळे आला नाही, ‘नाही’ या उत्तरामुळे आला.”

“आणि आणखी तीन महिने गेले असते तर तोही नकार देता आला नसता,” वकीलबाई म्हणाल्या. त्यांचा रोख ज्याला मोरेटोरियम म्हणतात त्या मुदतीकडे होता. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने, म्हणजे इर्डाईने, ही मुदत २०२४ मध्ये आठ वर्षांवरून पाच वर्षांवर आणली. पॉलिसी सलग ६० महिने चालू राहिली की माहिती दडवली किंवा चुकीची दिली या कारणाने कंपनीला दावा नाकारता येत नाही. अपवाद फक्त सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. एका कंपनीतून दुसऱ्या कंपनीत पॉलिसी नेली असेल, तर आधीचे महिनेही मोजले जातात. विम्याची रक्कम मध्येच वाढवली असेल, तर वाढीव रकमेपुरते ६० महिने त्या दिवसापासून नव्याने मोजले जातात. जुन्या पॉलिसीधारकाने नकाराचे पत्र आल्यावर सर्वांत आधी पहिल्या पॉलिसीची तारीख पाहावी हे त्यामुळेच आवश्यक ठरते, कारण पुष्कळदा वाद तिथेच संपतो.

त्यानंतर वकीलबाईंनी आजार आणि मृत्यू यांच्यातील संबंधाचा मुद्दा काढला. आयुर्विमा महामंडळाविरुद्धच्या मोटेगावकर प्रकरणात, २०१५ साली, कमरेच्या मणक्याचा न सांगितलेला विकार आणि हृदयविकाराने झालेला मृत्यू यांचा काही संबंध नाही असे म्हणून सर्वोच्च न्यायालयाने दावा देण्यास सांगितले होते. अधिकाऱ्यांनी लगेच हरकत घेतली : “तो आयुर्विमा होता, आणि मणक्याचा हृदयाशी संबंध नव्हता. रक्तदाबाचा हृदयाशी संबंध आहे हे शाळेतला मुलगाही सांगेल. हा निवाडा इथे लावलात, तर लोकपाल दोन मिनिटांत बाजूला ठेवतील.” वकीलबाईंनी हे मान्य केले, आणि मान्य करणेच योग्य होते, कारण दावा लढवताना अनेक जण मिळेल तो निवाडा जोडतात आणि त्यामुळे त्यांचा चांगला मुद्दाही मागे पडतो. त्यांच्या मते जवळचा निवाडा मनमोहन नंदा प्रकरणाचा, २०२१ चा आहे : तिथे मधुमेह सांगितलेला होता, कंपनीने वैद्यकीय स्थिती पाहून पॉलिसी दिली होती, आणि नंतर त्याच स्थितीचे कारण देऊन दावा नाकारता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले.

“तिथे सांगितले होते, इथे सांगितले नाही,” अधिकारी म्हणाले.

“इथे सांगितले की नाही, हे कोणाला ठाऊक आहे? अर्ज इंग्रजीत, अक्षर एजंटचे, सही तेवढी ग्राहकाची. एजंट आरोग्याचे प्रश्न वाचून दाखवतो का, साहेब? तो ‘सगळं ठीक आहे ना?’ एवढे विचारतो आणि खाली सगळीकडे ‘नाही’वर खूण करतो. अर्ज दुसऱ्याने भरला असेल तर मजकूर समजावून सांगितल्याचे प्रमाणपत्र अर्जातच असले पाहिजे, असा नियम आहे. अर्जाची प्रत मिळण्याचा हक्क आहे. जानेवारी २०२४ पासून तर पॉलिसीतील मुख्य अटी सोप्या भाषेत सांगणारे ग्राहक माहितीपत्रक द्यावे लागते, आणि मागितल्यास ते स्थानिक भाषेतही. ही तरतूद ग्राहक अर्ज वाचत नाही हे नियामकाला कळल्यामुळेच आली ना?”

“सही ही सही असते,” अधिकाऱ्यांचे उत्तर होते. “जमिनीच्या खरेदीखतावर न वाचता सही केली म्हणून कोणी सुटत नाही. एजंटच्या प्रत्येक खुणेची जबाबदारी कंपनीवर टाकली तर अर्जाला अर्थच उरणार नाही.” या प्रश्नावर दोघांचे एकमत झाले नाही. खरेदीखताचा दाखला मात्र पुरता पटत नाही, कारण खरेदीखत नोंदवताना दुय्यम निबंधकापुढे दोन्ही पक्ष उभे असतात आणि दस्त त्यांना समजेल अशा भाषेत असतो, तर विम्याच्या अर्जाच्या वेळी समोर असतो तो केवळ विक्रीवर कमिशन मिळणारा एक माणूस.

पत्रात काय असले पाहिजे, याविषयी मात्र अधिकारी वकीलबाईंपेक्षा कठोर निघाले. त्यांनी सांगितले की इर्डाईच्या २९ मे २०२४ च्या आरोग्यविम्यावरील परिपत्रकानुसार कोणताही दावा एकट्या अधिकाऱ्याला नाकारता येत नाही. कंपनीच्या समितीने किंवा तिच्या तीन सदस्यांच्या दावा पुनर्विलोकन समितीने संमती द्यावी लागते, आणि पूर्ण नकार असो की अंशतः कपात, पॉलिसीची नेमकी कोणती अट लागू केली हे लिहून द्यावे लागते. लागणारी कागदपत्रेही ग्राहकाला पळवत न बसता कंपनीने किंवा टीपीएने रुग्णालयाकडून मागवायची असतात. “फोनवर नकार सांगितला असेल तर त्याला नकार समजू नये, लेखी मागावे. आणि ‘अटीनुसार देय नाही’ एवढेच लिहिले असेल तर कोणती अट, हे पुन्हा लेखी विचारावे. आमच्या खात्यात ज्या फायलीत अटीचा क्रमांक नसे ती फाईल लोकपालापुढे टिकत नसे.”

वकीलबाईंनी यात कायद्याची एक धार जोडली. सौराष्ट्र केमिकल्स प्रकरणात, २०१९ साली, सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की नकाराच्या पत्रात जे कारण दिलेले नाही ते कंपनीला नंतर सुनावणीत पुढे करता येत नाही. याचा अर्थ नकाराचे पत्र जितके ग्राहकाला अडवते तितकेच कंपनीलाही बांधून ठेवते, आणि म्हणून ते पत्र रागाने फाडून टाकणे किंवा एजंटकडे देऊन बसणे हे आपल्याच बाजूचा पुरावा घालवण्यासारखे आहे.

यापुढचा मार्ग दोघांनी मिळून मांडला. रुग्णालयाकडे उपचारांची संपूर्ण कागदपत्रे लेखी मागावीत. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार ती ७२ तासांत देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून पूर्वेतिहासाच्या नोंदीविषयी खुलासा घ्यावा. पण तो खरा असेल तेवढाच, कारण नोंद बदलून घेण्याचा प्रयत्न उघड झाला तर चांगला दावाही फसवणुकीच्या अपवादात जाऊन पडतो. त्यानंतर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे निवेदन द्यावे. कंपनीने ते १४ दिवसांत निकाली काढायचे असते, आणि हीच तक्रार इर्डाईच्या विमा भरोसा या व्यवस्थेत किंवा १५५२५५ या क्रमांकावर नोंदवता येते.

कंपनीने निवेदन फेटाळले, समाधानकारक उत्तर दिले नाही किंवा महिनाभर उत्तरच दिले नाही, तर विमा लोकपालाचा मार्ग मोकळा होतो. लोकपाल म्हणजे २०१७ च्या नियमांखाली विमा तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी. गोंदिया जिल्हा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाच्या क्षेत्रात येतो. तक्रार ऑनलाईन करता येते आणि २०२१ च्या दुरुस्तीपासून सुनावणी व्हिडिओद्वारेही होऊ शकते, म्हणून कुडव्यातून पुण्याला जाण्याची सक्ती राहिलेली नाही. शुल्क नाही, वकिलामार्फत तक्रार करता येत नाही, स्वतः किंवा वारसाने करायची असते, मर्यादा ५० लाख रुपयांची. कंपनीच्या उत्तरापासून, किंवा उत्तर न आल्यास तो महिना संपल्यापासून, एका वर्षाच्या आत ती दाखल झाली पाहिजे. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तो ३० दिवसांत पाळला नाही तर तक्रारदाराला दररोज ५,००० रुपये द्यावे लागतात.

“आणि तोच निवाडा ग्राहकाला बंधनकारक नसतो,” अधिकारी म्हणाले. “हरला तर तो ग्राहक आयोगात जाऊ शकतो. हे समान न्यायाचे लक्षण नाही.”

“दोन्ही बाजूंची ताकद समान असती तर नसते,” वकीलबाई म्हणाल्या. “एका बाजूला कंपनीचे वैद्यकीय आणि कायदेशीर खाते, दुसऱ्या बाजूला मिलमधला मुनीम.”

ग्राहक आयोगाविषयी त्यांचे म्हणणे असे होते की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने, जो जुलै २०२० मध्ये लागू झाला, ग्राहकाला तो जिथे राहतो तिथेच तक्रार करण्याचा अधिकार दिला. त्यामुळे कंपनीचे मुख्यालय कुठेही असले तरी कुडव्याच्या विमाधारकाची तक्रार गोंदियाच्या जिल्हा आयोगात चालते. आयोगाची पातळी भरलेल्या मोबदल्यावर, म्हणजे हप्त्यावर ठरते, दाव्याच्या रकमेवर नाही. हप्ता ५ लाखांपेक्षा कमी असल्याने दाखल करण्याचे शुल्कही लागत नाही. मुदत दोन वर्षांची. कंपनीला पुन्हा पुन्हा पत्रे पाठवल्याने ही मुदत वाढत नाही, आणि अनेक खरे दावे इथेच बुडतात : एजंट म्हणतो की साहेबांशी बोलणे चालू आहे, आणि बोलणे चालू असताना दोन वर्षे संपतात. उशिरासाठी सबळ कारण दाखवल्यास आयोग सूट देऊ शकतो, पण त्यावर विसंबू नये. एकच वाद लोकपालापुढे आणि आयोगापुढे एकाच वेळी चालवता येत नाही.

प्रथम कुठे जावे, याबाबत दोघांची मते वेगळी होती आणि ती दोन्ही उपयुक्त आहेत. अधिकारी लोकपालाच्या बाजूचे होते, कारण सर्व कागद मिळाल्यापासून तीन महिन्यांत निवाडा देण्याचे बंधन तिथे आहे, तर आयोगातील प्रकरणे लांबतात. वकीलबाईंच्या मते ज्या वादात फक्त अटीचा अर्थ लावायचा आहे, उदाहरणार्थ खोलीभाड्याच्या मर्यादेमुळे संपूर्ण बिलातच प्रमाणात कपात केली, ६० महिने मोजण्यात चूक झाली, अशा वादांना लोकपाल योग्य. पण जिथे डॉक्टरांचे शपथपत्र, एजंटची उलटतपासणी किंवा मनस्तापाची भरपाई हवी आहे, तिथे आयोग. कुडव्याच्या या प्रकरणात, त्यांच्या मते, दोन्ही चालेल, पण आयोगात एजंटला प्रश्न विचारता येतील.

अधिकाऱ्यांनी एक आकडाही पुढे ठेवला : इर्डाईच्या अहवालानुसार २०२३-२४ मध्ये नोंदवलेल्या आरोग्य दाव्यांपैकी सुमारे ८३ टक्के दिले गेले आणि ११ टक्के नाकारले गेले, म्हणजे कंपन्या सरसकट नाकारतात हे खरे नाही. वकीलबाईंनी आकडा मान्य केला. दिलेल्या दाव्यांत कपात करून दिलेलेही येतात एवढे त्यांनी नोंदवले, आणि अंशतः कपातीलाही हेच सर्व मार्ग खुले असल्याचे सांगितले.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णांची गोष्ट वेगळी आहे. तिथे वैयक्तिक पॉलिसीचा करार नसल्याने वरील मुदती जशाच्या तशा लागू होत नाहीत; उपचाराला मंजुरी मिळाली नाही किंवा रुग्णालयाने पैसे मागितले, तर रुग्णालयातील आरोग्यमित्र आणि १५५३८८ ही मदतवाहिनी यांच्यापासून सुरुवात करावी लागते. खाजगी पॉलिसी नाकारली गेलेल्या कुटुंबाने आपला उपचार या योजनेत बसतो का हे रुग्णालयात असतानाच विचारावे, कारण घरी गेल्यावर तो दरवाजा बहुधा बंद झालेला असतो.

संवादाच्या शेवटी वकीलबाईंनी अधिकाऱ्यांना विचारले की ही फाईल पुनर्विलोकन समितीपुढे आली असती तर त्यांनी काय केले असते. त्यांचे उत्तर असे होते की त्यांनी जून २०२० पूर्वीची एक तरी चिठ्ठी, औषधांचे बिल किंवा तपासणीचा अहवाल मागितला असता. तसा कागद मिळाला नसता तर केवळ ‘५ वर्षांपासून’ या नोंदीवर नकार कायम ठेवला नसता. “आणि तसा कागद निघाला तर?” त्यांनी उलट विचारले. वकीलबाई म्हणाल्या की तसे असेल तर प्रकरण कमकुवत आहे हे तक्रार दाखल करण्यापूर्वीच कुटुंबाला सांगावे लागेल. मग प्रश्न एवढाच उरेल की तो ‘नाही’ कोणाच्या हाताने लिहिला गेला, आणि त्यासाठी प्रस्ताव अर्जाची प्रत कंपनीकडून आजच लेखी मागवावी लागेल.